मेथीच्या दाण्याचा माग

साथीच्या तपासात आचाऱ्याची साक्ष काढायची वेळ सहसा येत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ती आली. उत्तर जर्मनीतल्या एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या गटांपैकी बरेच जण रक्ताचे जुलाब होऊन पडले होते. रॉबर्ट कॉख संस्था ही जर्मनीची राष्ट्रीय साथरोग संस्था. तिचे तपासनीस त्या उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कोणत्या टेबलाने काय मागवलं होतं, याची बिलं त्यांनी काढली. मंडळींनी जेवताना काढलेले फोटो मागवले आणि ताटात काय दिसतं ते पाहिलं. मग आचाऱ्याला विचारलं: या पदार्थात काय काय घालता, किती घालता, आणि वरून काय भुरभुरता?

आजारी माणसांना विचारून भागत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी खाल्लेल्या पोह्यांवर खोबरं होतं की नुसती कोथिंबीर, हे कुणाला आठवतं? जर्मन रुग्णांना टोमॅटो आठवत होता, काकडी आठवत होती, सॅलडची पानं आठवत होती. वर पेरलेली चिमूटभर मोडं मात्र बहुतेकांच्या ध्यानातही नव्हती. सुरुवातीच्या मुलाखतींत जेमतेम चौथा हिस्सा रुग्णांनी मोडं खाल्ल्याचं सांगितलं होतं. बिलं आणि आचाऱ्याची साक्ष जुळवल्यावर हिशेब पार बदलला. ज्यांच्या ताटात मोडं होती त्यांना आजारी पडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १४ पट निघाली, आणि त्या गटांतल्या प्रत्येक आजारी माणसाच्या ताटात मोडं होती.

पण हे कळेपर्यंत बरंच काही घडून गेलं होतं.

१९ मे रोजी हॅम्बुर्गहून बर्लिनला कॉख संस्थेकडे निरोप आला की तीन मुलांना एकाच वेळी एचयूएस झाला आहे. या विकारात रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. एरवी तो लहान मुलांत दिसतो. या वेळी मोठी माणसं, त्यातही बायका, रांगेने दवाखान्यात येऊ लागल्या. जिवाणू होता ई. कोलायच्या कुळातला, पण ओ१०४:एच४ ही त्याची जात जवळजवळ अनोळखी. दोन वेगळ्या टोळ्यांची हत्यारं एकाच गुंडाच्या हाती लागावीत तसा प्रकार होता: एका जातीची आतड्याला चिकटून बसण्याची खोड आणि दुसऱ्या जातीचं विष. साथ ओसरली तेव्हा एकट्या जर्मनीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले होते. त्यांतल्या ८५५ जणांची मूत्रपिंडं धोक्यात आली होती आणि ५३ जण दगावले होते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या १६ देशांत रुग्ण सापडले.

अशा वेळी लोकांना काहीतरी नाव हवं असतं. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने ते दिलं: स्पेनहून आलेल्या काकड्या. काकड्यांवर जिवाणू सापडला होता हे खरं होतं. तो साथीचाच जिवाणू आहे की नाही, हे मात्र अजून तपासलेलं नव्हतं. पाच दिवसांनी तपासणीचा निकाल आला. जात निराळी निघाली. त्या पाच दिवसांत अल्मेरियाच्या हरितगृहांतली काकडी कचऱ्यात गेली, ट्रक अर्ध्या वाटेतून परतले आणि लवकरच रशियाने संपूर्ण युरोपीय संघाच्या भाज्यांना दार बंद केलं. शेतकऱ्यांसाठी युरोपीय संघाला २० कोटी युरोंहून अधिक भरपाई मोजावी लागली. युरोपीय संसदेत एका स्पॅनिश सदस्याने हातात काकडी नाचवत काकडीची अब्रू परत मिळाली पाहिजे, असं भाषण ठोकलं. तिकडे आंदालुसियाच्या कृषिमंत्रीणबाई कॅमेऱ्यांपुढे कचाकचा काकडी खाताना दिसल्या.

मंत्र्यांनी कॅमेऱ्यापुढे खाणं हा अन्नभयाच्या इतिहासातला एक ठरलेला प्रवेश आहे. मे १९९० मध्ये ब्रिटनचे कृषिमंत्री जॉन गमर यांनी बीफबर्गर स्वतः खाऊन दाखवला आणि आपल्या चार वर्षांच्या मुलीपुढेही धरला. गायींना होणाऱ्या मेंदूच्या रोगाचा माणसाला धोका नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना ई. कोलायची बाधा झाली आणि संशय मुळ्याच्या मोडांवर गेला. तेव्हा मोडं पिकवणाऱ्यांचा धंदा बसला म्हणून आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी पत्रकारांसमोर मुळ्याची मोडं खाल्ली. एका माणसाने एका दिवशी खाल्लेल्या एका घासावरून काहीच सिद्ध होत नाही. तरी हा प्रयोग दर पिढीत नव्याने होतो, आणि प्रेक्षकही दर वेळी मिळतात.

साकाईची आठवण इथे मुद्दाम काढली. मोडांतून ई. कोलाय पसरतो हे जपानने पंधरा वर्षं आधी भोगलं होतं आणि जगातल्या जाणकारांना ते ठाऊकही होतं. हॅम्बुर्गच्या पहिल्या प्रश्नावलीला मात्र ती आठवण उपयोगी पडली नाही. एका देशाचं दुखणं दुसऱ्याच्या कागदावर वेळेत उतरत नाही, हीच या सगळ्या व्यवहारातली सर्वांत जुनी अडचण.

गमरसाहेबांच्या बर्गरचा हिशेब सहा वर्षांनी पुरा झाला. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांमध्ये दिसू लागलेला मेंदूचा एक नवा जीवघेणा रोग बहुधा त्या गायींच्या मांसातूनच आला आहे. त्यानंतर युरोपात सरकारी शास्त्रज्ञांच्या शब्दाची किंमत पार घसरली. जर्मनीत तर २००० च्या नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे हा रोग नाहीच, असं सांगितलं जात होतं. देशात जन्मलेल्या गायीत तो सापडला आणि दोन महिन्यांच्या आत आरोग्यमंत्री आणि कृषिमंत्री दोघांनाही खुर्ची सोडावी लागली.

त्या पडझडीतून संस्थांचं एक कुटुंबच जन्माला आलं. फ्रान्सची अन्नसुरक्षा संस्था १९९९ ची, ब्रिटनची २००० ची. जर्मनीची जोखीम मूल्यमापन संस्था २००२ ची. तिचं आद्याक्षरांचं नाव बीएफआर. त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफ्सा, कायद्याने उभं राहिलं आणि पुढे इटलीतल्या पार्मा गावी स्थिरावलं. जपानमध्ये २००१ साली तो रोग आला आणि २००३ मध्ये त्यांचा अन्नसुरक्षा आयोग. सगळी एकाच वेड्या गायीची वासरं म्हणायला हरकत नाही. भारताचा अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आणि त्याखालचं एफएसएसएआय हे प्राधिकरण २००८ चं. त्याचं मूळ वेगळं असलं तरी शब्दावली बरीचशी तिकडचीच.

या वासरांना जन्मतःच एक दावं बांधलेलं आहे. जोखीम किती, हे एकाने मोजायचं. बंदी घालायची, माल परत मागवायचा की नुसता सल्ला द्यायचा, हे दुसऱ्याने ठरवायचं. मोजणाऱ्याच्या कानाशी शेतकऱ्यांची मतं, कारखानदारांचे फोन आणि निवडणुकीची तारीख पोचू नये, एवढ्यासाठी ही फाळणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये काढलेल्या, लाल मुखपृष्ठामुळे ‘रेड बुक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अहवालात ती नीट मांडलेली आहे. आता बहुतेक देशांत तिचं निदान नाव तरी घेतलं जातं.

आणखी एक फरक या लोकांच्या बोलण्यात सारखा येतो, तो धोका आणि जोखीम यांतला. आपण दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. मेथीचा दाणा घ्या. त्याच्या सुरकुतीत जिवाणू अडकून बसला असेल तर तो धोका. तोच दाणा कढत तेलाच्या फोडणीत तडतडला की जोखीम जवळजवळ शून्य. तोच दाणा रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवला आणि मोड कच्चे खाल्ले, तर जिवाणूला हवी तशी ऊब, ओल आणि दोन-तीन दिवसांची सवड मिळते. दाणा एकच. जोखीम आपण त्याचं काय करतो त्यावर. मटकीला मोड आणून तिची उसळ शिजवणाऱ्या घरांना हे वेगळं शिकवायला नको. कच्च्या मोडांची कोशिंबीर करणाऱ्यांना मात्र सांगायला हवं.

तर जर्मनीत. ५ जूनला लोअर सॅक्सनी राज्याच्या कृषिमंत्र्यांनी बीनेनब्युटेल या खेड्यातल्या, मोडं पिकवणाऱ्या एका सेंद्रिय शेतीकडे बोट दाखवलं. काकडीचा ताजा अनुभव असल्याने अनेकांनी डोक्याला हात लावला. शेतीवरचे नमुने तपासले, जिवाणू सापडेना. पण कागद बोलत होते. शेतीतून मोडं कुठे कुठे गेली याची यादी एका बाजूला आणि लोक कुठे कुठे जेवून आजारी पडले याची यादी दुसऱ्या बाजूला ठेवली, तेव्हा रुग्णांचे ४१ घोळके त्या एका शेतीपाशी येऊन मिळाले. १० जूनला तीन राष्ट्रीय संस्थांनी एकत्र बसून जाहीर केलं की मोडं खाऊ नका, काकडी-टोमॅटो खुशाल खा. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या एका घराच्या कचऱ्याच्या डब्यातून निघालेल्या मोडांच्या फोडलेल्या पाकिटात साथीचा जिवाणू सापडल्याची बातमी आली. घरात माणसं आजारी पडलेली, पाकीट उघडं. मोडांमुळे माणसं आजारी पडली की माणसांमुळे मोडं बाटली, एवढी शंका घ्यायला जागा होतीच.

इथवरचा तपास जर्मनीचा. शेतीवाल्यांनी तर बी विकत आणलं होतं. ते कुणी दिलं, कुठून आलं, आणि पोत्यात आणखी कोणकोणत्या जातींची बियाणं होती? शेतीतून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत मेथीबरोबर मसूर आणि इतरही दाणे होते. एका देशाच्या माहितीवरून यातला कोणता दाणा दोषी हे सांगता येत नव्हतं.

याचं उत्तर आलं ते फ्रान्समधून. बोर्दो शहराला लागून बेग्ल नावाचं गाव आहे. तिथल्या मुलांच्या एका केंद्रात ८ जूनला पालकांसाठी मेळावा होता. गार सूप आणि कच्च्या भाज्या होत्या आणि त्यांवर सजावटीला मोडं पेरली होती. ही मोडं केंद्रातच, बागकामाच्या दुकानातून आणलेल्या बियांच्या छोट्या पाकिटांतून उगवलेली. काही दिवसांनी मेळाव्याला आलेल्यांपैकी काहींना तीच लक्षणं, तोच एचयूएस आणि तपासणीत तोच ओ१०४:एच४. यांच्यातलं कुणी जर्मनीला गेलं नव्हतं. बीनेनब्युटेलची मोडं फ्रान्समध्ये आलेली नव्हती.

फ्रेंचांच्या पाकिटांत होती मेथी, मोहरी आणि रॉकेट नावाची पालेभाजी. जर्मन मिश्रणांची यादी तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींत समान नाव एकच: मेथी.

जूनच्या अखेरीस पार्म्यात एफ्साने एक कृतिदल बसवलं. सदस्य देशांचे तज्ज्ञ, युरोपीय आयोग, युरोपचं रोगनियंत्रण केंद्र, शिवाय जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांचे लोक. काम शास्त्रज्ञांचं कमी आणि मुनिमाचं जास्त. प्रत्येक देशाच्या अन्न निरीक्षकाने आपल्याकडच्या व्यापाऱ्याच्या दप्तरातून खरेदीची बिलं, पावत्या, लॉट क्रमांक काढायचे आणि एका ठराविक तक्त्यात भरून पाठवायचे. सगळ्यांचा तक्ता एकच असणं ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. ज्यांनी दोन तालुक्यांच्या दोन नमुन्यांतल्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या असतील, त्यांना तिची किंमत कळेल.

तक्ते जुळत गेले तसा माग मागे मागे सरकला. फ्रान्सची पाकिटं इंग्लंडमधल्या बियाणं विक्रेत्याने भरलेली. त्याने मेथी घेतली जर्मनीतल्या एका आयातदाराकडून. बीनेनब्युटेलच्या शेतीने मेथी घेतली एका घाऊक व्यापाऱ्याकडून, आणि तोही त्याच आयातदाराचं गिऱ्हाईक. आयातदाराचा माल इजिप्तचा. २००९ च्या नोव्हेंबरअखेर दमिएत्ता बंदरातून निघालेला, बेल्जियम-नेदरलंड्सच्या बंदरांतून जर्मनीत उतरलेला, १५ टन मेथीचा एकच लॉट. त्यातली अवघी ७५ किलो मेथी त्या शेतीवर गेली होती. साथीचा मोठा भाग एवढ्याशा पोत्यांतून निघाला, असा या हिशेबाचा अर्थ होतो. बाकीचा लॉट निदान ७० व्यापाऱ्यांकडे पोचला होता; त्यांतले ५४ जर्मनीतले, उरलेले आणखी ११ युरोपीय देशांतले.

५ जुलैला अहवाल आला आणि त्याच दिवशी इजिप्तहून येणाऱ्या मेथी आणि तत्सम बियांवर युरोपीय संघाची बंदीही. २६ जुलैला जर्मनीने साथ संपल्याचं जाहीर केलं.

अहवालाची सर्वांत नाजूक बाब अशी की मेथीच्या एकाही दाण्यात तो जिवाणू कधीच सापडला नाही. इजिप्तने आरोप फेटाळला तो याच मुद्द्यावर, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यात वावगं काय? लॉट निघून दीड वर्ष झालेलं. मेथी शेतात बाटली, खळ्यावर, गोदामात की बोटीत, हे सांगता येत नाही. तपासनीसांचं उत्तरही तितकंच सरळ होतं. पंधरा टनांत मूठभर दाणे बाटलेले असतील तर नमुन्याच्या पुडीत ते न येण्याचीच शक्यता जास्त. आणि दोन देशांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घटनांना जोडणारा दुसरा धागा कुणी दाखवावा. हे गुन्ह्याचं हत्यार नव्हतं, परिस्थितिजन्य पुरावा होता. जोखीम मोजणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढ्यावरच बोलावं लागतं. हॅम्बुर्गची चूक पुराव्यावाचून बोलण्याची होती. पार्म्याने पुरावा कुठवर पोचतो आणि कुठे थांबतो, हे दोन्ही लिहून ठेवलं. स्पेनच्या शेतकऱ्याने पहिल्याची किंमत मोजली. इजिप्तच्या शेतकऱ्याने दुसऱ्याची मोजली, आणि ती योग्य होती की नाही यावर त्याचं मत कुणी विचारलं नाही.

या सगळ्यात एक सहकार्य कोणत्याही कराराशिवाय झालं. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाने जिवाणूचा नमुना चीनमधल्या शेन्झेनच्या जनुक संस्थेकडे पाठवला. तिथल्या यंत्रांनी काही दिवसांत त्याची जनुकीय बाराखडी वाचली आणि २ जूनला कच्ची माहिती जगाला खुली करून टाकली. एका दिवसाच्या आत इंग्लंडमधल्या एका संशोधकाने ती जुळवून मांडली. मग कुणीकुणी आपापल्या देशात बसून तिचे तुकडे लावत गेलं. जिवाणू नेमका कोणत्या दोन टोळ्यांचा, हे त्यातूनच पक्कं झालं.

सहकार्य म्हणजे सगळ्यांचा आकडा एक होणं, असं मात्र नाही. त्याचा नमुना २००८ च्या दूधभुकटीत दिसतो.

१८८३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग दारूभट्टीच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातली प्रथिनं मोजायची एक युक्ती काढली. प्रथिनं थेट मोजायची नाहीत, नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. शंभर वर्षं ती जगभर चालली. चीनमधल्या दूध पुरवठादारांनी तिच्यातली फट हेरली. दुधात पाणी घाला आणि वर मेलामाइन घाला, जे प्लास्टिकच्या ताटल्या करायला वापरतात. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन. यंत्राला वाटतं, दूध घट्ट आहे. बाळांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. चीन सरकारच्या आकड्यांनुसार सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. ज्या सॅनलू कंपनीपासून हे उघड झालं, तिच्यात न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या शेतकऱ्यांच्या सहकारी दूध उद्योगाचा ४३ टक्के वाटा होता. स्थानिक पातळीवर गोष्ट दाबली जात होती. अखेर सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपल्या वकिलातीमार्फत थेट बीजिंगच्या कानावर घातली.

मग प्रश्न आला बिस्किटांचा, चॉकलेटांचा, दूधभुकटी घातलेल्या हजार पदार्थांचा. किती मेलामाइन चालेल? पोटात जाणारं रोजचं सुसह्य प्रमाण दर किलो वजनामागे युरोपने ०.५ मिलिग्रॅम धरलं होतं. अमेरिकेने उंदरांवरच्या जुन्या प्रयोगातला ६३ मिलिग्रॅमचा आकडा घेतला, त्याला हजाराने भागलं आणि ०.०६३ वर आणलं. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला एकीकडे दिवसाला १० मिलिग्रॅम सुसह्य आणि दुसरीकडे सव्वा मिलिग्रॅम. डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञांची बैठक बोलावली. त्यांनी त्याच जुन्या आकडेवारीला नवी गणिती रीत लावली, ३५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, २०० ने भागलं आणि ०.२ वर बोट ठेवलं. भाजक शंभर, दोनशे की हजार, इथे शास्त्र संपतं आणि सावधगिरी किती बाळगायची हा स्वभावाचा प्रश्न सुरू होतो. फक्त भाजक उघड्यावर लिहिलेला असला की भांडण नेमकं कशावरून आहे ते दिसतं. युरोपने पुढे ०.२ स्वीकारला. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या १९६३ पासून चालत आलेल्या कोडेक्स या अन्नसंहिता आयोगाने २०१० मध्ये मर्यादा ठरवली: बाळांच्या दूधभुकटीत किलोमागे १ मिलिग्रॅम, इतर अन्नात २.५.

आपल्याकडे या आकड्यांशी सर्वांत जवळचं नातं नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराचं. ‘रेसिड्यू’चा रिपोर्ट काय आला, हा प्रश्न तिथे पावसाइतकाच नेहमीचा. २००३ मध्ये नेदरलंड्सने भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश पकडले. त्यानंतर बागेची नोंदणी, काढणीपूर्वीची तपासणी, पुण्याजवळ मांजरीला असलेल्या द्राक्ष संशोधन केंद्रातली संदर्भ प्रयोगशाळा आणि संगणकावरची ग्रेपनेट अशी साखळी उभी राहिली. तरी २०१० मध्ये ठेच लागलीच. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांचं ‘सीसीसी’, युरोपच्या तपासणीत सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्या तपासणीच्या यादीत ते तोवर नव्हतं. पुन्हा दोन याद्यांचीच गोष्ट. या वेळी न जुळलेल्या.

तीळ आणि मसाल्यांची कहाणी त्याहून गुंतागुंतीची आहे. युरोपला भारतीय तिळात साल्मोनेला जिवाणूचं वावडं. तो मारायचा एक मार्ग म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी. हा वायू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला, युरोपात शेतमालावर त्याला १९९१ पासून बंदी. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात तो सापडल्याचा इशारा युरोपच्या सूचनाजाळ्यावर टाकला. मग पाव, बिस्किटं, तेल असं करत शेकडो इशारे आले, आणि ऑक्टोबरमध्ये भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायचा हुकूम निघाला. युरोपची तिळाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. अमेरिकेत तीळ आणि मसाल्यांसाठी ७ मिलिग्रॅम, म्हणजे १४० पट. तिकडच्या प्रशासनाचा हिशेब असा की साल्मोनेलाने आजारी पडणारी माणसंही मोजायला हवीत. युरोप म्हणतो, जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थाला निर्धोक मात्रा ठरवता येत नाही आणि जिवाणू मारायला वाफ आहे. दोघांकडे प्रयोगांची कागदपत्रं जवळपास तीच.

युरोपातही एकवाक्यता नव्हती. २०२१ च्या उन्हाळ्यात आइस्क्रीम दाट करायच्या एका डिंकात हा वायू सापडला. डिंक आइस्क्रीममध्ये चिमूटभर, त्यामुळे डब्यात मोजायला गेलं तर काहीच दिसत नाही. मग माल परत घ्यायचा का? काही देश म्हणाले घ्या, काही म्हणाले कशाला. जुलैत सगळे एकत्र बसले आणि परत घ्यायचं ठरलं. ऐन उकाड्यात दुकानांतून आइस्क्रीम उचललं गेलं.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने दिल्लीच्या एमडीएचचे तीन मसाले आणि मुंबईच्या एव्हरेस्टचा मच्छी करी मसाला यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. पंधरवड्याच्या आत सिंगापूरने एव्हरेस्टचा तोच मसाला परत मागवला. अल्प प्रमाणाने तातडीचा धोका नाही, पण दीर्घकाळ पोटात जाऊ नये, असं सांगून. कंपन्यांनी आपला माल सुरक्षित असल्याचं म्हटलं. एफएसएसएआयने कारखान्यांतून नमुने उचलले आणि हाती आलेल्या अहवालांत हा वायू आढळला नसल्याचं मे महिन्यात कळवलं. परदेशी गेलेला माल आणि घरी विकला जाणारा माल एकाच धुरीतून जातो का, हा साधा प्रश्न त्या गदारोळात कुणी फारसा विचारला नाही. मसाल्यांसाठी या वायूची कोडेक्सची मर्यादाच नाही, आणि ती ठरावी असा भारताचा आग्रह आहे. कोडेक्सच्या मसाला समितीचं यजमानपद २०१३ पासून भारताकडेच आहे आणि तिची पहिली बैठक कोचीत भरली होती. मर्यादा ठरवायची तर आधी कुणाला तरी जोखीम मोजून द्यावी लागेल. आकडे गोळा करून द्यावे लागतील. कोणत्या देशात लोक दिवसाला किती ग्रॅम मसाला खातात, इथपासून. युरोपातल्या एखाद्या माणसाच्या वर्षभराच्या हळदीएवढी हळद आपल्याकडे एका घरात एका महिन्यात सहज संपत असेल; एकाच मर्यादेत दोघांना बसवायचं कसं, हे गणित आपल्या आकड्यांवाचून सुटणारं नाही.

मेथीच्या प्रकरणानंतर युरोपीय संघाने २०१३ मध्ये मोडांसाठी चार नियम एकदम काढले. मोडं पिकवणाऱ्याला परवाना लागतो, बियांच्या लॉटमधून नमुना काढून मोड आणून जिवाणू तपासावे लागतात आणि प्रत्येक हाताने मागच्या आणि पुढच्या हाताचं नाव, वजन, लॉट क्रमांक लिहून ठेवायचा असतो. बाहेरच्या देशातून येणाऱ्या बियांबरोबर तिथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. हे सगळं लागू आहे ते मोड आणण्यासाठी म्हणून येणाऱ्या बियाण्याला. फोडणीसाठी आलेल्या मेथीच्या पोत्याला नाही.